भाडेकरू दिवाळखोर झाला तर थकलेल्या घरभाड्याचं काय होतं?

नोकरी जाते, क्रेडिट कार्डं तुंबतात, पर्सनल लोनचे हप्ते चुकतात आणि त्या सगळ्याच्या तळाशी चार-पाच महिन्यांचं घरभाडं साठतं. मग भाडेकरू म्हणतो, "मी आता दिवाळखोर आहे, कुणालाच काही देऊ शकत नाही." घरमालक म्हणतो, "उद्या येऊन कुलूप बदलतो." दोघांचंही म्हणणं कायद्यात बसत नाही. दिवाळखोरी तोंडाने जाहीर करता येत नाही, तिला कोर्टाचा आदेश लागतो. तो आदेश थकलेल्या पैशांबद्दल बोलतो. घरात फुकट राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. थकबाकी आणि घराचा ताबा हे दोन प्रश्न सुरुवातीपासून वेगळे ठेवले, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

कुठला कायदा, कुठलं कोर्ट

२०१६ चा दिवाळखोरी कायदा, म्हणजे आयबीसी, पेपरात सतत दिसतो. म्हणून बरेच जण थेट त्याचाच हवाला देतात. पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. पगारदार माणूस, रिक्षाचालक, किराणा दुकानदार, फ्रीलान्सर यांच्यासाठी तो भाग अजून सुरू झालेला नाही. त्यांना जुनेच कायदे लागतात: मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, आणि पुण्यासह उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट. कायदा शंभर वर्षांचा आहे. त्यातल्या रकमाही त्या काळच्याच आहेत, म्हणून वाचताना दचकायला होतं.

अर्ज जिल्हा न्यायालयाकडे, म्हणजे आपल्याकडे पुण्यात शिवाजीनगर कोर्टात करायचा. कर्जदार नेहमी जिथे राहतो किंवा जिथे काम-धंदा करतो, त्या हद्दीचं कोर्ट पाहिलं जातं. गाव लातूर असलं तरी माणूस चार वर्षं हडपसरला राहून नोकरी करत असेल, तर पुण्यात अर्ज चालतो. कर्जदाराने स्वतः अर्ज करायचा तर देणी किमान ५०० रुपयांची हवीत, किंवा पैशांच्या हुकूमनाम्यापोटी, म्हणजे पैसे देण्याच्या कोर्टाच्या निकालापोटी, त्याला अटक झालेली असावी, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश असावा. धनकोही, म्हणजे ज्याचे पैसे येणं आहेत तो, इथे घरमालकही, भाडेकरूविरुद्ध असा अर्ज करू शकतो. मात्र त्यासाठी आधीच्या तीन महिन्यांत भाडेकरूने कायद्यात सांगितलेलं दिवाळखोरीचं कृत्य केल्याचं दाखवावं लागतं, उदाहरणार्थ धनकोंना चुकवण्यासाठी घर सोडून पळून जाणं. नुसत्या थकबाकीसाठी घरमालकाने या वाटेला जाऊ नये. खर्च त्याचा होतो आणि वसुली सगळ्या धनकोंमध्ये वाटली जाते.

अर्जात सर्व देणी, प्रत्येक धनकोचं नाव-पत्ता आणि स्वतःची सगळी मालमत्ता किमतीसह लिहावी लागते. बँका आणि कार्ड कंपन्या लिहिल्या जातात, पण घरमालक मात्र "त्यांचं नंतर बघू" म्हणून गाळला जातो. तसं करू नये. गाळलं म्हणून घरमालकाचा हक्कही जात नाही. दिवाळखोराला डिस्चार्ज, म्हणजे जुन्या देण्यांतून कोर्टाने दिलेली सुटका, मिळेपर्यंत कधीही तो आपल्या देण्याचा पुरावा देऊन यादीत नाव घालून घेऊ शकतो.

आदेश झाल्यावर पैशांचं काय

कोर्टाने माणसाला दिवाळखोर ठरवलं की त्याची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. त्यानंतर कुठलाही धनको कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या देण्यासाठी नवा दावा लावू शकत नाही की मालमत्तेवर हात टाकू शकत नाही. आधीपासून चालू असलेला दावा, आदेशाची प्रत दाखवल्यावर, ते कोर्ट थांबवतं किंवा अटी घालून पुढे चालू देतं. आदेशाचा परिणाम मागे जाऊन अर्ज दाखल केलेल्या तारखेपासून धरला जातो. म्हणून घरमालकाने आधीच हुकूमनामा मिळवून दरखास्त (त्याच्या वसुलीचा अर्ज) लावली असेल, तर कोर्टाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेण्याआधी जप्तीतून प्रत्यक्ष हाती आलेले पैसे त्याचे. नुसती जप्ती लागलेली असून भागत नाही.

दिवाळखोराचं सगळंच जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधल्या जप्तीपासून मुक्त वस्तू इथेही मुक्त राहतात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, पीएफ. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही सुरक्षित असतो. पगार ४०,००० असेल तर १,००० अधिक २६,००० मिळून २७,००० रुपये वाचतात आणि जास्तीत जास्त १३,००० जप्तीत जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यापोटी ही पगारजप्ती एकूण २४ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही.

घरमालक या रांगेत कुठे उभा असतो? गृहकर्ज, वाहनकर्ज किंवा सोनेतारण देणाऱ्या बँकेचा हक्क तारणावर वेगळा असतो, दिवाळखोरीने तो हलत नाही. सरकारची आणि महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेची देणी आधी भागवली जातात. घरभाड्याला मात्र काही तारण नसतं, म्हणून घरमालक क्रेडिट कार्ड कंपनीच्या शेजारी साध्या धनकोंमध्ये येतो. त्याच्या हातात एकच जमेची गोष्ट असते, ती म्हणजे अनामत. परस्परांचा व्यवहार असेल तर आधी हिशेब करून देणं-घेणं वळतं करायचं आणि फक्त बाकीचीच मागणी करायची, असं १९२० च्या कायद्याचं कलम ४६ सांगतं.

कर्वेनगरच्या एका टू बीएचकेचा हिशेब मांडून बघू. भाडं महिना २२,०००, प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेला आगाऊ द्यायचं. अनामत ६०,०००. करार १ एप्रिलपासून ११ महिन्यांचा. सप्टेंबरपासून भाडं थांबलं आणि जानेवारीत आदेश झाला. सप्टेंबर ते जानेवारी असे पाच महिने, म्हणजे १,१०,०००. महावितरणचं थकलेलं बिल ४,८००, जे करारानुसार भाडेकरूने भरायचं होतं. एकूण १,१४,८००, त्यातून अनामत वजा केली की राहिले ५४,८००. आता भाडेकरूची इतर कर्जं धरून तारणाशिवायची देणी १८ लाखांची आहेत आणि खर्च व आधीची देणी वजा जाता रिसीव्हरकडे २,७०,००० उरले, असं समजा. रुपयाला १५ पैसे सुटतात. घरमालकाच्या वाट्याला ८,२२० रुपये येतात. ५४,८०० रुपयांसाठी भाडेकरूला दिवाळखोरीपर्यंत ढकलणं घरमालकाला का परवडत नाही, ते या आकड्यांतच दिसतं.

फेब्रुवारीचं काय? करार अजून चालू आहे आणि भाडं द्यायची जबाबदारी आदेशाआधीच अंगावर घेतलेली आहे. अशी पुढची किंवा संभाव्य देणीसुद्धा कलम ३४ खाली मागता येतात. म्हणून घरमालकाने कराराचे उरलेले महिनेही आपल्या मागणीत वेगळ्या ओळीत दाखवावेत. पण फेब्रुवारी संपला, करार संपला आणि तरीही भाडेकरू घर सोडत नसेल, तर तो वेगळा विषय झाला. हे नव्या वर्तनातून तयार झालेलं देणं आहे आणि त्याला जुन्या दिवाळखोरीचं पांघरूण घालता येईल या भरवशावर कुणी राहू नये.

मागणी नोंदवण्याची पद्धत सोपी आहे, पण कागद नीट लागतात. रकमेबद्दलचं शपथपत्र कोर्टात द्यायचं किंवा नोंदणीकृत पोस्टाने पाठवायचं. सोबत नोंदणीकृत कराराची प्रत, महिनावार तक्ता, बँक स्टेटमेंट आणि वीजबिलं जोडायची. तक्त्यात प्रत्येक महिन्यासमोर देय तारीख, देय रक्कम, आलेली रक्कम आणि बाकी अशा चार रकान्यांत लिहावं. "साधारण सव्वा लाख येणं आहे" असं मोघम लिहिलेल्या मागण्या इथेच अडकतात. रंग, सफाई, तुटलेला नळ यांचे अंदाजे आकडे भाड्यात मिसळू नयेत. त्यांची बिलं वेगळी लावावीत, नाहीतर एका वादग्रस्त आकड्यापायी अख्खी मागणी लांबते.

थकीत भाड्याला तीन वर्षांची मुदत असते, तीही प्रत्येक महिन्याच्या देय तारखेपासून स्वतंत्र मोजली जाते. २०२२ च्या डिसेंबरचं भाडं २०२६ मध्ये मागायचं तर मधल्या काळात, मुदत संपायच्या आत, भाडेकरूने सही करून ते देणं मान्य केलेलं असावं लागतं.

घर कोण, कधी, कसं रिकामं करून घेतो

पुण्यात फ्लॅट बहुतेक लिव्ह अँड लायसन्सवर जातात, तर पेठांतल्या वाड्यांमध्ये जुनी भाडेकरारी असते. दोन्हींना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागतो, पण कलमं वेगळी आहेत.

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याने बाजू मांडण्याची परवानगी शपथपत्रावर मागायची असते. ती मागितली नाही तर ताब्याचा आदेश होतो. मुदत संपल्यानंतर घर सुटेपर्यंतच्या काळासाठी लायसन्स फीच्या, म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. वरच्या उदाहरणात मार्चपासून दर महिन्याला ४४,०००. आधीच बुडालेल्या माणसासाठी हा सगळ्यात महागडा मुक्काम ठरतो. म्हणून आर्थिक अडचणीत असलेल्या भाडेकरूला पहिला सल्ला हाच, की परवडत नसेल तर लवकरात लवकर घर सोडा आणि चाव्या दिल्याची ताबा पावती तारखेसह घ्या. पावतीवर मीटर रीडिंग, वळती केलेली अनामत आणि राहिलेली बाकी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. व्हॉट्सॲपवर "घर सोडलं" एवढं लिहून चाव्या वॉचमनकडे ठेवल्या, तर ताबा नक्की कधी दिला यावर पुढे वाद होतो.

ताब्याचा अर्ज देण्याच्या वसुलीसाठी नसतो, त्यामुळे त्याचं कारण दिवाळखोरीपेक्षा वेगळं असतं. तरीही आदेश झालेला असेल तर दिवाळखोरीच्या कोर्टाची परवानगी घेऊनच पुढे जावं. खर्च थोडा होतो, पण नंतरची हरकत टळते. थकलेल्या फीच्या आणि भाड्याच्या दाव्यांसाठी पुण्यात लघुवाद न्यायालय आहे.

करार नोंदवलेला नसेल तर घरमालकाची बाजू लंगडी पडते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वाड्यातल्या भाडेकरूची गोष्ट वेगळी, आणि तिथे काळजीही वेगळी घ्यावी लागते. कसबा किंवा नारायण पेठेत भाडं महिना ४००-५०० रुपये असतं. थकबाकी काही हजारांची होते, पण त्यावर अख्खं घर टांगलेलं असतं. कलम १५ प्रमाणे घरमालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. त्यानंतरच भाडं थकल्याच्या कारणाने दावा करता येतो. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवसांत भाडेकरूने संपूर्ण थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि दावा संपेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला, तर त्या कारणावरून घर जात नाही. इथे दिवाळखोरीचा अर्ज करून "सगळी देणी थांबली" असं समजून स्वस्थ बसणं घातक आहे. आदेश झाल्यावर पैशांची वसुली थांबते, पण ९० दिवस थांबत नाहीत. आपल्याकडे नसतील तर भाऊ किंवा मुलगी यांनी स्वतःच्या पैशांतून ही रक्कम भरावी. ते पैसे दिवाळखोराचे नसल्यामुळे इतर धनकोंना त्यावर बोट ठेवता येत नाही.

दिवाळखोर ठरलं की भाडेपट्टा आपोआप संपतो, हाही गैरसमज आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ प्रमाणे, भाडेकरू दिवाळखोर ठरल्यास मालकाला ताबा परत घेता येईल अशी अट पट्ट्यात लिहिलेली असेल तरच त्या कारणाने पट्टा संपवता येतो. म्हणून सही करण्याआधी करारातलं "टर्मिनेशन" हे कलम दोघांनीही वाचावं.

कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं, सामान अडकवून ठेवणं हे मात्र कुठल्याच परिस्थितीत चालत नाही. अत्यावश्यक सेवा तोडण्याला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं. भाडं थकलं म्हणून भाडेकरूच्या फ्रिज-लॅपटॉपवर घरमालकाचा हक्क तयार होत नाही. दिवाळखोरीचा आदेश झाल्यावर तर ते सामान रिसीव्हरच्या ताब्यातलं असतं, त्यामुळे अडकवणारा आणखी खोलात जातो.

बाकीचे लोक: रूममेट, जामीनदार, कंपनी

कोथरूड-वाकडच्या फ्लॅटमध्ये तिघं मित्र एकाच करारावर सह्या करतात आणि "माझा वाटा मी देईन" असं समजून चालतात. करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर घरमालक कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ५४,००० थकले असतील तर प्रत्येकाचा वाटा १८,०००. एक जण दिवाळखोर झाला की त्याचा वाटा उरलेल्या दोघांवर सारखा पडतो, म्हणजे प्रत्येकी २७,०००. त्या एकाला डिस्चार्ज मिळाला तरी दोघे सुटत नाहीत, हे १९२० च्या कायद्यातच लिहिलं आहे. जामीनदाराचंही तसंच.

जामीनदाराबाबत घरमालक एक चूक हमखास करतात. दया येऊन ते भाडेकरूशी परस्पर तडजोड करतात, रक्कम कमी करतात किंवा मुदत वाढवतात, आणि नंतर जामीनदाराकडे जातात. जामीनदाराच्या संमतीशिवाय असा करार केला तर करार कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे तो जबाबदारीतून मोकळा होतो. तडजोडीच्या कागदावर त्याची सही घ्या, एवढंच करायचं असतं.

फ्लॅट एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेला असेल आणि ती कंपनी बुडाली, तर मात्र आयबीसी लागतो. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की कंपनीच्या ताब्यातली जागा मालकाला परत घेण्यावरही तात्पुरती बंदी येते. जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत प्रकरण हाताळायला नेमलेल्या इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलकडे आपली मागणी दाखल करावी लागते.

भाडेकरूने कुठे सावध राहायचं

अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला झुकतं माप देण्यासाठी पैसे दिले, तर ते परत घेतले जाऊ शकतात. चालू महिन्याचं भाडं नेहमीप्रमाणे भरणं ही साधी गोष्ट आहे. पण घरमालक मेव्हणा आहे म्हणून बँका थांबवून त्याची वर्षभराची थकबाकी एकदम फेडली, तर प्रश्न विचारले जातात. अर्जाआधीच्या दोन वर्षांत बायकोच्या किंवा भावाच्या नावावर मोबदल्याशिवाय केलेली मालमत्ताही अशीच तपासली जाते.

भाड्यापोटी दिलेला चेक बाउन्स झाला असेल तर तो फौजदारी विषय आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत घरमालकाची नोटीस, मग पैसे द्यायला १५ दिवस, मग महिनाभरात तक्रार. हा खटला दिवाळखोरीच्या आदेशाने आपोआप थांबत नाही. नुसतं भाडं थकणं मात्र गुन्हा नाही. हुकूमनाम्यापोटी दिवाणी तुरुंगाची भीती घातली जाते, तीही बहुधा पोकळ असते. ऐपत असूनही मुद्दाम न देणाऱ्यासाठीच ती तरतूद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं. स्त्रियांना पैशांच्या हुकूमनाम्यापोटी अटक करताच येत नाही.

शेवटची पायरी डिस्चार्जची. कोर्टाने दिलेल्या मुदतीत कर्जदाराने स्वतः अर्ज करायचा असतो. तो विसरला तर दिवाळखोरीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि सगळे धनको पुन्हा दारात उभे राहतात. मालमत्तेतून रुपयाला ५० पैसेही निघाले नाहीत आणि त्याला कर्जदार जबाबदार असेल, किंवा फेडता येणार नाही हे माहीत असून त्याने कर्ज काढलं असेल, तर बिनशर्त डिस्चार्ज मिळत नाही, अटी लागतात. डिस्चार्जने जुनं घरभाडं संपतं. सरकारी देणी, फसवणुकीने केलेलं कर्ज आणि पोटगी संपत नाही. खोटी सॅलरी स्लिप दाखवून फ्लॅट घेतला असेल, तर घरमालक फसवणुकीचा मुद्दा इथे उभा करू शकतो.

एवढं सगळं चार-पाच महिन्यांच्या भाड्यासाठी करण्यात काही अर्थ नाही. देणी फक्त घरभाड्याची असतील तर लोक अदालतीत हप्ते ठरवून घ्यावेत. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा लागते.

डिस्चार्ज मिळेपर्यंत दिवाळखोराने ५० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं काहीही उधारीवर घेताना समोरच्याला आपली स्थिती सांगणं बंधनकारक आहे. न सांगता घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून या काळात नवी खोली बघताना घरमालकाला आधीच सांगावं, अनामत कमी ठरवावी आणि भाडं महिना सुरू होण्याआधी यूपीआयने आगाऊ भरावं. दर महिन्याच्या व्यवहारात "अमुक महिन्याचं भाडं" असा शेरा टाकावा. डिस्चार्जच्या अर्जावेळी नियमित वागणुकीचा तोच पुरावा कोर्टासमोर ठेवता येतो.